चित्र न येणाऱ्याने ॲनिमेशनसाठी लिहावे की नाही?

कळंब्याची लेखिका
बी.ए.ला मराठी घेतलेल्या एका मुलाने काल येथे विचारले होते, की चित्रकलेची एकही परीक्षा न दिलेल्या माणसाला ॲनिमेशनची पटकथा लिहायची असेल, तर त्याने सुरुवात कोठून करावी. त्यावर ‘मंगळवार पेठ’ यांनी उत्तर दिले, की ज्याला हात काढता येत नाही, त्याने त्या हाताने काय करावे हे सांगू नये. आधी चित्रकला महाविद्यालयात जा, मग लेखणी उचल. या न्यायाने शाहिराने पोवाडा रचण्याआधी चार लढाया मारून यायला हव्यात.

मी मुलांच्या मासिकांतून या क्षेत्रात आले. मी काढलेली गाय लोकांना टेबल वाटते, तरीही माझ्या पटकथांवर मालिकांचे भाग झाले आहेत. ‘चिंगीला आजोबांची आठवण येते’ हे वाक्य चित्रकाराच्या काही उपयोगाचे नाही. चिंगी जेवणाच्या वेळी सवयीने आजोबांचाही पाट मांडते आणि कोणी पाहण्याआधी तो उचलून भिंतीला टेकवते, हे उपयोगाचे आहे, आणि ते सुचायला पेन्सिल लागत नाही. त्या मुलाने कार्टून मालिकेचा अकरा मिनिटांचा एखादा भाग आवाज बंद करून पाहावा, प्रत्येक दृश्यात काय दिसते ते लिहून काढावे आणि त्यानंतर स्वतःची गोष्ट आधी अर्ध्या पानात, मग प्रसंगवार आराखड्यात आणि शेवटी संवादांसह लिहावी.

मंगळवार पेठ
ताई, तुमचा पाट मला आवडला, पण सगळे लेखक पाटावर थांबत नाहीत. आमच्याकडे ॲनिमेशनसाठी एक संहिता आली होती. तिच्यात एकच ओळ होती : ‘जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालाची उधळण होते आणि सासनकाठ्या नाचतात.’ लेखकाला ही ओळ लिहायला किती वेळ लागला असेल? आमच्या माणसांच्या मात्र त्या ओळीपायी रात्रीच्या रात्री गेल्या, कारण गर्दीतल्या प्रत्येक माणसाला अंग हवे, कपडे हवेत, हालचाल हवी, आणि वर उडणारा गुलाल प्रत्येकाच्या डोक्यावर पडताना दिसायला हवा. कॅमेऱ्याने चित्रीकरण करणारा यात्रेत जाऊन उभा राहतो. आमच्याकडे यात्राच नसते, ती घडवावी लागते. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) असतात, आणि एक चित्र दोन चौकटींना वापरण्याची काटकसर केली तरी १२ चित्रे काढावी लागतात. ज्याने एकदाही चालणारा माणूस काढलेला नाही, त्याला हे हिशेब कसे कळणार?

शिवाय जगातल्या कित्येक मालिकांमध्ये लेखक पूर्ण संहिता देतच नाही. ‘स्पंजबॉब’सारख्या अमेरिकी कार्टून मालिकेत छोटा आराखडा स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची क्रमवार रेखाटने, करणाऱ्याच्या हातात जातो, आणि प्रसंग व संवाद तोच चित्रांतून फुलवतो. तेथे तुमच्या बी.ए.ची काय मातब्बरी? आपल्याच कोल्हापुरात मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर चित्रीकरणाआधी पात्रांची, पोशाखांची आणि हालचालींची रेखाटने करून ठेवत. कलापुरात राहून एवढेही ठाऊक नसावे, याचे नवल वाटते.

शाहूपुरी
ज्यांचा दाखला आपण दिला, ते बाबूराव पेंटर कोणत्या चित्रकला महाविद्यालयात शिकले होते, हेही सांगून टाकावे. ते चित्रकला स्वतःच शिकले. म्हणजे आपल्याच नियमाने त्यांना आपण दारातून परत पाठवले असते.

मंगळवार पेठ
बाबूरावांविषयी आम्हाला शिकवू नका. त्यांच्या घरातच पिढीजात कारागिरी होती आणि बंधू आनंदरावांच्या बरोबरीने त्यांनी रंगवलेले नाटकांचे पडदे गाजलेले होते. महाविद्यालय नव्हते म्हणजे शिक्षण नव्हते, असा अर्थ काढणे हा शुद्ध आडमुठेपणा आहे. घरात रंगांचे डबे असणे आणि घरात फक्त मोबाइल असणे, यात काही फरक आहे की नाही?

शाहूपुरी
आडमुठेपणा कोणाचा, ते वाचणारे ठरवतील. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ साली ‘सावकारी पाश’ केला, तेव्हा कथा नारायण हरी आपटे यांची होती. आपटे कादंबरीकार होते, चित्रकार नव्हते. पुढे प्रभात फिल्म कंपनीने १९३७ साली ‘कुंकू’ केला, तोही त्यांच्याच कादंबरीवर. रेखाटने करणारा माणूस कंपनीत हजर असताना बाबूरावांना गोष्टीसाठी लेखकाचे दार ठोठवावे लागले, याचा अर्थ आपण काय लावता?

एकांकिकावाला
प्रभातचा विषय निघालाच आहे, तर मला बोलू द्या. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली कंपनी १९३३ साली पुण्याला गेली, आणि ‘जंबुकाका’ हे कार्टून तिने त्यानंतर केले. ती येथेच राहिली असती, तर आज पटकथा लिहिणाऱ्या पोरांना पुण्या-मुंबईच्या गाड्या पकडाव्या लागल्या नसत्या. आपल्याकडे कलेचा अभिमान भाषणापुरता असतो. कलावंताने भाड्याने खोली मागितली, की घरमालक आधी नोकरी विचारतो.

मंगळवार पेठ
एक-दोन चित्रपट आणि एक-दोन कंपन्या, एवढ्यावर ॲनिमेशनचा निकाल लावू नका. ‘सावकारी पाश’मध्ये माणसे खरी होती. आपटे यांनी शेतकरी लिहिला, की शेतकरी उभा करता येत होता. आमच्याकडे शेतकऱ्याने नुसती पाठ फिरवायची म्हटली, तरी सपाट कट-आउट पद्धतीत, म्हणजे कापलेल्या तुकड्यांसारखे सुटे अवयव हलवण्याच्या पद्धतीत, ती पाठ नव्याने काढावी लागते. आणि एकांकिकावाले साहेब, नाटकवाल्यांच्या संहितांचा तर निराळाच त्रास आहे. दोन पात्रे समोरासमोर उभी राहून पाऊण पान बोलत असतात आणि आम्ही नुसते ओठ हलवत बसतो.

कळंब्याची लेखिका
आपटे यांचे नाव लोकांना निदान माहीत तरी आहे. मी लिहिलेल्या एका मालिकेच्या श्रेयनामावलीत संगणक दुरुस्त करणाऱ्याचे नाव होते, माझे नव्हते. विचारले, तर ‘गोष्ट काय, सगळ्यांनी बसून ठरवली’ असे उत्तर मिळाले. म्हणून त्या मुलाला चित्रकलेच्या वर्गापेक्षा करार वाचायला शिकवणे मला जास्त निकडीचे वाटते. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट मिळत नाही, लिहून काढलेल्या रूपाला मिळतो. त्यामुळे बैठकीत तोंडी गोष्ट सांगून येण्याआधी ती लिहून मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेकडे तिची नोंदणी करावी. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी लेखकाला रॉयल्टीचा हक्क आहे, आणि निर्मात्याने सही घेतली तरी तो सोडून देता येत नाही.

शाहूपुरी
कायदा आहे, हे खरे. नवख्या लेखकाने तो बैठकीत बोलून दाखवला, तर पुढच्या बैठकीचे बोलावणे येत नाही, हेही खरे. माझ्या भाच्याचे तेच झाले.

कळंब्याची लेखिका
मग सही करून गप्प बसावे काय? आपण मघापासून लेखकाची बाजू घेत होता, म्हणून विचारते.

आता यात्रेविषयी. ती ओळ वाईट होती, हे मला मान्य आहे, पण ती लेखन म्हणून वाईट होती. मी असते, तर यात्रा एका भिंतीपलीकडे ठेवली असती. भिंतीवरून सासनकाठ्यांची टोके हलताना दिसतात, ढोल ऐकू येतात, अलीकडे बापाच्या खांद्यावर बसलेली पोरगी मान उंच करून पाहते आणि खाली वाकते, तेव्हा तिचे तोंड गुलाबी झालेले असते. दोन पात्रे, एक भिंत, बाकी सगळे आवाजात. यासाठी चालणारा माणूस काढता यावा लागत नाही; चित्रकाराला काय महाग पडते, हे त्याच्याजवळ बसून विचारून घ्यावे लागते.

आणि चित्रकारांनाही सगळे आपोआप सुचते असे नाही. डिस्नेच्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’साठी (१९९१) पटकथालेखिका लिंडा वूल्वर्टन यांनी नायिका बेल नकाशावर टाचण्या लावते, असा प्रसंग लिहिला होता, जग पाहण्याची तिची ओढ त्यातून दिसणार होती. स्टोरीबोर्डमध्ये त्याच बेलला स्वयंपाकघरात केक सजवायला उभे केले गेले. वूल्वर्टन रंगभूमीवरून आणि मुलांच्या मालिकांतून आलेल्या होत्या. त्यांनी भांडण केले, म्हणून बेल केकपासून सुटली आणि पडद्यावर पुस्तक वाचत रस्त्याने चालताना दिसली.

मंगळवार पेठ
भिंत चांगली आहे. आमच्या लेखकाला ती सुचली असती, तर माझा चष्म्याचा नंबर वाढला नसता. तरीही हे आपल्याला वर्षानुवर्षे चित्रकारांबरोबर बसल्यावर कळले, बी.ए.च्या वर्गात नव्हे, एवढे तरी मान्य करा.

कळंब्याची लेखिका
मान्य. त्यांच्याबरोबर बसल्यावर कळले; त्यांच्यासारखे झाल्यावर नव्हे.

काल प्रश्न विचारणारा
सर्वांचे आभार. पण मी चित्रकलेच्या वर्गाला नाव घालावे की न घालावे, हे अजून मला कळलेले नाही.

मंगळवार पेठ
घालू नका, फी वाचेल. अकरा मिनिटांचा एक भाग लिहा : एक घर, दोन पात्रे, पाऊस नको, घोडा नको, मोकळे केस तर अजिबात नकोत. कोणत्याही पात्राला एका दमात दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलायला लावू नका. तो भाग लेखिकाताईंनी आधी तपासावा, कारण शुद्धलेखन हा माझा प्रांत नाही. स्टोरीबोर्ड मी काढतो, संवाद तुम्ही तुमच्याच आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, आणि ॲनिमॅटिक, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रे आवाजासह जोडलेली कच्ची चित्रफीत, तयार झाले, की कोणती वाक्ये कापायची ते आपण तिघे बसून ठरवू. माझे मत बदलले आहे, असा यातून कोणी अर्थ काढू नये.