मदत हवी आहे: ओळींच्या क्रिया करताना ० = ० येते, पण उत्तर तर एकच असायला हवे

नमस्कार. मी सोलापुरात अभियांत्रिकी पदविकेच्या पहिल्या वर्षाला आहे आणि संध्याकाळी चाटी गल्लीत मामांच्या चादरींच्या दुकानात बसतो. सराव व्हावा म्हणून बिलबुकातील तीन बिले घेतली, आकडे सोयीसाठी गोल केले आणि भावांचा रकाना पुठ्ठ्याने झाकून फक्त नग व एकूण रक्कम उतरवली; त्यांवरून प्रत्येक वस्तूचा भाव काढायचा होता. प्रत्येक ओळ म्हणजे एक बिल; चादर, टॉवेल, नॅपकिन या क्रमाने मांडणी अशी:

१ १ १ | ६००
१ ३ २ | ९५०
१ २ ४ | ९००

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतून पहिली वजा केल्यावर ० २ १ | ३५० आणि ० १ ३ | ३०० मिळाले. त्यानंतर एकाच पायरीत दुसरीतून तिसरी आणि तिसरीतून दुसरी वजा केली, तेव्हा ० १ −२ | ५० आणि ० −१ २ | −५० अशा ओळी आल्या. त्यांची बेरीज सगळी शून्य, म्हणजे अनंत उत्तरे. परंतु निश्चयक (नगांच्या आकड्यांवरून काढलेली संख्या; ती शून्य नसेल तर उत्तर एकच असते) ५ येतो, शून्य नाही. शिवाय नॅपकिन फुकट धरला तर टॉवेल ५० आणि चादर ५५० ठरते, आणि दुसरे बिल ९५० ऐवजी ७०० होते. वजाबाकी चार वेळा तपासली, ती बरोबर आहे. मग चूक कोठे आहे?

उत्तर: वजाबाकी बरोबरच आहे; चूक "एकाच पायरीत" या दोन शब्दांत आहे. दुसरी ओळ बदलल्यानंतर जुनी दुसरी ओळ उरलेलीच नसते, तरीही आपण तिसरीतून तीच वजा केलीत. त्यामुळे दोन्ही नव्या ओळी एकमेकींच्या उलट चिन्हांच्या झाल्या आणि एका बिलाची माहिती कायमची गेली. ओळींवरील वैध क्रिया नेहमी उलट फिरवता येते. या दोन ओळींवरून मात्र मूळच्या ओळी परत मिळवून दाखवा, जमणार नाही. पहिल्या पायरीत दोन ओळी एकदम बदलूनही बिघडले नाही, कारण जी वजा केली ती पहिली ओळ स्वतः जागची हलली नव्हती. बहुधा सवय तिथेच लागली असावी.

ओळी वजा करत उत्तर काढण्याच्या या रीतीला जर्मन गणितज्ञ गाउसचे (१७७७–१८५५) नाव असले, तरी चीनमध्ये ती त्याच्या दीड हजारांहून अधिक वर्षे आधी, मोजकाड्या मांडून वापरली जात होती. काड्या उचलल्या की जुना आकडा नाहीसाच होतो, त्यामुळे तिथे ही चूक होणे अवघड; वहीत जुनी ओळ डोळ्यांसमोर राहते आणि फसवते. म्हणून बदललेली ओळ लगेच खोडत चला.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. नवी दुसरी ओळ ० १ −२ | ५० धरून ती तिसरीतून वजा केली, तेव्हा ० ० ५ | २५० आले. म्हणजे नॅपकिन ५०, टॉवेल १५०, चादर ४००. पुठ्ठा काढून पाहिला, तिन्ही भाव जुळले.