मदत हवी आहे: उधारीच्या औषधाला छापील किंमत, वर टॉनिकची सक्ती

आंबावाला_देवगड: मंडळी, लवकर सांगा, मोहोर बाहेर पडतोय, फवारणी थांबवता येत नाही. नेहमीच्या दुकानातून औषध उधारीवर आणतो, आंब्याच्या पेट्या गेल्या की भागवतो. बाटलीवर १८५० छापलेत, मला १८५० च लावले. शेजाऱ्याला तीच बाटली रोखीने ११०० ला! युरिया मागितला की झाडांच्या टॉनिकचा डबा घ्यावाच लागतो. आंब्याचा दर दलाल ठरवणार, औषधाचा कंपनी. मग बागायतदाराला उरायचं काय? तक्रार कुठे करू?

राजापूरकर: औषध कोणतं? किती मिली? बिल आहे का?

आंबावाला_देवगड: फुलकिड्यांचं, अर्धा लिटर. बिल कसलं, वहीत मांडून ठेवतो तो.

मालवणी_माणूस: अरे बाबा, बिल नाय तर तक्रार कसली करतलंस?

दापोली_कृषी: दादा, दोन गोष्टी वेगळ्या करा. छापील किमतीला विकणं गुन्हा नाही, ती तक्रार टिकणार नाही. पण उधारीवर दिलं तरी बिल द्यावंच लागतं, कीटकनाशक नियम १९७१ मध्ये तसं आहे. आणि खतावर लिंकिंग, म्हणजे खताबरोबर दुसरा माल गळ्यात मारणं, चालत नाही. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे, बस्स. दुकानातल्या पॉस (विक्री नोंदवायच्या) मशीनवर अंगठा लावता तेव्हा पावती निघते, ती मागून घ्या. पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

निसर्गशेती: रासायनिक सोडा, दहा झाडांच्या पाल्याचा दशपर्णी अर्क वापरा. कंपन्यांची गरजच नाही.

राजापूरकर: ऐन मोहोरात फुलकिडे दशपर्णीने आटोक्यात येत नाहीत, मी करून बघितलंय. लोकांची बाग घालवू नका.

निसर्गशेती: एका वर्षात निकाल मागता, म्हणून येत नाहीत.

दुकानदार_रत्नागिरी: आमचंही ऐका. युरियाच्या गाडीबरोबर टॉनिक आम्हालाही घाऊकवाला देतो, नाही घेतलं तर गाडी येत नाही. त्यात उधारी जूनपर्यंत अडकते. त्या पैशाचं व्याज कोण भरणार?

राजापूरकर: मग घाऊकवाल्याविरुद्ध तुम्ही लेखी द्या ना! शेवटी सगळं बागायतदाराच्याच मानगुटीवर का?

हापूसप्रेमी: कल्टार (मोहोर लवकर आणायचं औषध) १५ जुलै ते १५ ऑगस्टमध्ये घाला, झाडाच्या विस्ताराच्या दर मीटरला ३ मिली.

राजापूरकर: ते कुणी विचारलंय?

दापोली_कृषी: मूळ दुखणं उधारीचं आहे. गावच्या सहकारी सोसायटीतून पीक कर्ज का घेत नाही? वेळेत फेडलं तर ३ लाखांपर्यंत व्याज पडत नाही. रोख घ्या, दर आपोआप खाली येईल.

आंबावाला_देवगड: सातबारा सामाईक आहे. चुलते, आत्या, मुंबईची भावंडं, सगळ्यांची नावं. दोघांची सही मिळत नाही, सोसायटी दारात उभी करत नाही.

मालवणी_माणूस: ह्या आधी सांगूक नको? अर्ध्या कोकणाचा रडगाणा ह्याच आसा.

जामसंडे_गट: दादा, आम्ही काही बागायतदार एकत्र पैसे काढून थेट घाऊकवाल्याकडून रोखीने औषध घेतो. पक्कं बिल मिळतं, टॉनिक कुणी गळ्यात मारत नाही. सातबारा लागत नाही. पुढची खरेदी भुरी रोगाच्या औषधाची आहे.

आंबावाला_देवगड: पैसे आधी भरायचे का? आणि जुनी उधारी बाकी असताना दुकान सोडलं तर तो पेट्या अडवेल का, कुणाला अनुभव आहे?