कोचीत काय काय खाल्लंत? (जपानमधलं कोची)

काल माहेरी, रोह्याला, मागच्या खळ्यात कुणी पेंढा पेटवला आणि त्या वासासरशी मी थेट शिकोकू बेटावर! नवऱ्याच्या संशोधनापायी दोन वर्षं कोचीत होतो. हिरोमे बाजारात कात्सुओचे, म्हणजे आपल्या कुप्याच्या भावकीतल्या माशाचे, तुकडे पेंढ्याच्या जाळावर धरायचे. ज्वाळा डोक्याच्या वर. कातडं करपलेलं, आत लालभडक कच्चं. बोटभर जाड काप, वर मीठ, कच्च्या लसणाच्या चकत्या. पहिल्या दिवशी मी नुसता लसूण खाल्ला. महिन्याभरात नवऱ्याच्या ताटातले पळवायला लागले. तुमचे अनुभव लिहा.

भटक्या_७२: दोनदा गेलोय. करीमीन पोळीचथु भारी!

खळ्यातली: दादा, ते केरळातलं 😄

भटक्या_७२: अरेच्चा. तरी म्हटलं पेंढा कुठून आला. असो, करीमीन खाच.

तोक्योकर: वसंतात उत्तरेकडे निघालेला कात्सुओ सडसडीत असतो, शरदात परततो तो चरबीने तुकतुकीत. त्याला मोदोरी-गात्सुओ म्हणतात. लोक त्याच्यासाठी वेडे, मला मात्र वसंतातलाच आवडतो. इथे तोक्योत पातळ काप आणि पोन्झू (लिंबाच्या जातीतल्या फळांच्या रसाचा आंबट सोया सॉस) मिळतं, त्यात धूर कुठला. आणि ताई, लसूण खाऊन दुसऱ्या दिवशी मीटिंगला गेलात का कधी? मी गेलोय. शेजारची खुर्ची रिकामी.

वरणभात: मी शाकाहारी, साध्या सूपमध्येही कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या कात्सुओचा कीस. रविवारच्या बाजारात रताळ्याच्या भज्यांवर जगले. जाड, गोडसर पीठ, कागदी पिशवीत गरमागरम. किल्ल्याच्या दरवाजापासून किलोमीटरभर बाजार, तीनशेहून जास्त वर्षं भरतोय म्हणे. तेल कसलं ते विचारलं नाही, तुम्हीही सांगू नका.

बांगडाप्रेमी: उत्सुबो कुणीच नाही? वामीसारखा, पण तोंड बघवत नाही. तळलेला झकास, कातडं चिकट. फोटो पाठवला तर आजी म्हणाली, "ह्यो साप खाल्लंस तू?"

घाईत: मुंबईत कुपा आणून गॅसवर करून पाहिला. आत कच्चा ठेवायची हिंमत होईना, शेवटी कालवण. कुकर झाला, पळते.

सासुरवाशीण: रोह्यात कुठे गं? माझं सासर अष्टमीला.

खळ्यातली: अगंबाई, मग पूल ओलांडला की आम्हीच! सुके बोंबील घेतलेस का यंदा?

सासुरवाशीण: भाव ऐकून नुसतेच हुंगून आले.