ओव्हरटाइम बुडवतात, युनियन केली तर मिळेल का?

नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका हॉटेलात चार वर्षं वेटर आहे. सकाळी ११ ला ड्यूटी लागते, रात्री १ ला सुटतो. रजिस्टरला मात्र ८ तासच. फुटलेली प्लेट, बिल बुडवून गेलेलं गिऱ्हाईक, सगळं आमच्या पगारातून. भांडी घासणाऱ्या मावशींचा दोन महिन्यांचा पगार अडकलाय. नातवाची फी भरायची म्हणून परवा काउंटरसमोर तासभर उभ्या होत्या. मला ते बघवलं नाही. आम्ही अकरा जण आहोत. काय करावं?

उत्तर १
भाऊ, आधी एक वही ठेवा. येण्याजाण्याची वेळ रोज लिहा, ड्यूटीचे व्हॉट्सॲप मेसेज जपा. आठवड्याला ४८ तासांवरच्या कामाला दुप्पट दर आहे. आणि वेतन संहिता, २०१९ प्रमाणे पैसे दिले हे मालकानं सिद्ध करायचं असतं, तुम्ही नाही.

उत्तर २
मी सातपूरला कारखान्यात आहे. एकटे जाऊ नका, दुसऱ्या दिवशी ड्यूटी बंद होते. नोंदणीकृत युनियनला सभासदाच्या वतीनं दावा लावता येतो. सात जण असले तरी नोंदणीचा अर्ज करता येतो, पण हॉटेलात माणसं टिकत नाहीत, म्हणून सीटू किंवा आयटकसारख्या जुन्या संघटनेकडे जा. मावशींना आधी घ्या, त्यांचं प्रकरण सगळ्यात पक्कं आहे.

मूळ प्रश्नकर्ता
आठ जण तयार झालेत दादा. मावशी म्हणाल्या, पहिला अंगठा माझा. वही आजपासून सुरू केली.