इंट्रिन्सिकचे मेमरी गुणधर्म: पहिल्याच दिवशी घट्ट लिहावेत की सैल सोडावेत?

शेवटचा पास

गेली काही वर्षं मी एका छोट्या प्रोसेसरच्या एलएलव्हीएम बॅकएंडवर, म्हणजे त्या कंपायलरच्या मशीन कोड काढणाऱ्या भागावर, काम करतोय. नवीन इन्स्ट्रक्शन सी भाषेतून वापरता यावी म्हणून इंट्रिन्सिक (कंपायलरला आतून माहीत असलेलं फंक्शन) लिहायचं, म्हणजे टेबलजेनच्या (एलएलव्हीएमच्या वर्णन-भाषेच्या) फाइलमध्ये एक नोंद वाढवायची: नाव, परत काय येतं, आत काय जातं आणि शेवटी गुणधर्मांची यादी. नाव किंवा टाइप चुकला तर बिल्ड तिथल्या तिथे कोसळतं. गुणधर्म चुकला तर सगळं बिनबोभाट पार पडतं आणि महिन्यांनी भलत्याच कोडमध्ये ते बाहेर येतं.

आमच्याकडे असंच झालं. डीएमए, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता हार्डवेअरने परस्पर डेटा हलवणं, सुरू करणारं एक इंट्रिन्सिक होतं. त्याला एकच अर्ग्युमेंट, डिस्क्रिप्टरचा पॉइंटर. डिस्क्रिप्टरच्या आत बफरचा पत्ता आणि लांबी. त्यावर 'आर्ग-मेम-ओन्ली' मी स्वतः लावलं. डोक्यात एवढंच होतं की मेमरीला जो हात लागतो तो या पॉइंटरमधूनच लागतो. डीएमए संपेपर्यंत थांबणारं दुसरं इंट्रिन्सिक होतं, त्याला 'इनअ‍ॅक्सेसिबल-मेम-ओन्ली' (प्रोग्रामला न दिसणाऱ्या मेमरीलाच हात लागतो) दिलं, कारण ते फक्त स्टेटस रजिस्टर बघतं.

मग कोणीतरी एक साधं फंक्शन लिहिलं. स्टॅकवर 64 बाइटचा अ‍ॅरे, तो भरायचा, त्याचा पत्ता डिस्क्रिप्टरमध्ये ठेवायचा, डीएमए सुरू, थांबा, परत या. -ओ0 वर (ऑप्टिमायझेशन बंद) चोख. -ओ2 वर (ऑप्टिमायझेशन चालू) डीएमएने स्टॅकवरचा कचरा पाठवला. डिस्क्रिप्टर भरणारे स्टोअर (मेमरीत लिहिण्याच्या क्रिया) जागेवर होते, अ‍ॅरे भरणारे सगळे गायब. डेड स्टोअर एलिमिनेशनचं, म्हणजे कोणी न वाचणारे स्टोअर काढणाऱ्या पासचं (ऑप्टिमायझरच्या टप्प्याचं), काहीच चुकलं नव्हतं. 'आर्ग-मेम' म्हणजे अर्ग्युमेंटच्या पॉइंटरवर आधारलेली मेमरी. त्या मेमरीत ठेवलेल्या दुसऱ्या पॉइंटरने जिथे पोचता येतं ती जागा त्यात येत नाही. पासच्या नजरेत अ‍ॅरे कोणीच वाचत नव्हतं आणि फंक्शन संपताच तो मरणार होता.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. ज्या इंट्रिन्सिकला पॉइंटर जातो किंवा जे हार्डवेअरची स्थिती बदलतं, त्यावर सुरुवातीला मेमरीबद्दल काहीही लिहू नये. काही लिहिलं नाही तर एलएलव्हीएम धरून चालतं की ते कुठलीही मेमरी वाचेल, कुठलीही लिहील. यात वेग जाईल, पण उत्तर चुकणार नाही. घट्ट करायचं ते नंतर, एकेक पाऊल, प्रत्येक पावलामागे टेस्ट ठेवून.

तुम्हाला काय वाटतं?

लूपबाहेर

असहमत, आणि ठामपणे. 'नंतर घट्ट करू' म्हणून सोडलेली इंट्रिन्सिक मी ढिगाने पाहिली आहेत. ती नंतर कोणी उघडत नाही. लिहिणारा दुसऱ्या कामावर जातो, आणि पुढच्या माणसाला आधीच्याने ती मुद्दाम सैल सोडली की आळसाने, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून तो हात लावत नाही.

सैल सोडण्याची किंमतही तुम्ही कमी लेखताय. एक लूप घ्या: आत स्ट्रक्टमधून टेबलचा पत्ता लोड होतो, त्यातला एक घटक घेतला जातो, त्यावर सॅच्युरेटिंग (मर्यादेला येऊन थांबणाऱ्या) बेरजेचं इंट्रिन्सिक चालतं. इंट्रिन्सिकवर काही लिहिलेलं नसेल तर ऑप्टिमायझरच्या हिशोबी ते दर फेरीला तो पत्ता बदलू शकतं. लोड लूपबाहेर जात नाही. तोच कॉल तीच अर्ग्युमेंट घेऊन दोनदा आला तर दोन्ही राहतात. वापरात नसलेला कॉलसुद्धा राहतो. अख्ख्या लूपमध्ये एक भिंत उभी राहते, आणि तीही अशा इन्स्ट्रक्शनसाठी जी दोन रजिस्टरांपलीकडे काही बघत नाही. लोक मग कंपायलरला नावं ठेवत हाताने असेंब्ली लिहायला बसतात.

शेवटचा पास

निव्वळ गणिताबद्दल वाद नाही. तिथे पहिल्या दिवसापासून 'नो-मेम' (मेमरीला हातच लावत नाही) हवंच. धाग्यात मी मुद्दाम पॉइंटर आणि हार्डवेअर म्हटलंय.

लूपबाहेर

ही रेघ एवढी सरळ नाही. वर्गमूळ काढणं हे निव्वळ गणित ना? एलएलव्हीएममधलं नेहमीचं 'एस-क्यू-आर-टी' इंट्रिन्सिक 'नो-मेम' आहे. पण राउंडिंग मोड बदलता येतो किंवा फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शनचे फ्लॅग वाचले जातात असं मानलं, की तेच गणित हार्डवेअरच्या स्थितीला बांधलं जातं. म्हणून 'कन्स्ट्रेन्ड' नावाची वेगळी इंट्रिन्सिक आहेत, आणि ती 'इनअ‍ॅक्सेसिबल' मेमरीला हात लावतात असं लिहिलेलं आहे. एकाच क्रियेची दोन इंट्रिन्सिक केली ती त्यामुळे. सगळ्यांवर सैल गुणधर्म लादण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला.

नवीन कोड

मधेच एक प्राथमिक प्रश्न विचारतो. 'नो-मेम' लावलं आणि उत्तर कोणी वापरलं नाही, तर कॉल आपोआप उडतो ना? माझ्याकडे उडत नाहीये.

नोड आणि साखळी

@नवीन कोड, मेमरी ही एकच अट नाही. कॉल काढून टाकायचा तर तो मेमरीत लिहीत नाही, एक्सेप्शन फेकत नाही आणि नक्की परत येतो, हे तिन्ही माहीत हवं. एक्सेप्शन फेकत नाही हे इंट्रिन्सिकबाबत सहसा गृहीत असतं. परत येण्याचं मात्र सांगावं लागतं. तुम्ही बहुतेक साधा 'इंट्रिन्सिक' क्लास वापरलाय. 'डिफॉल्ट-अ‍ॅट्रस-इंट्रिन्सिक' वापरा, त्यात 'विल-रिटर्न' येतं, शिवाय 'नो-सिंक' (दुसऱ्या थ्रेडशी ताळमेळ साधत नाही), 'नो-फ्री' (मेमरी मोकळी करत नाही) आणि परत प्रोग्रामच्या कोडमध्ये शिरत नाही असं सांगणारं 'नो-कॉलबॅक'ही. मात्र चारही तुमच्या इन्स्ट्रक्शनला लागू आहेत ना, ते आधी बघा. बॅरियरवर 'नो-सिंक' आलं तर ती चूक शोधताना घाम फुटेल.

आता मूळ विषय. लूपबाहेर यांच्या बाजूने एक मुद्दा राहिलाय: गुणधर्म नंतर बदलणं फुकट नसतं. सिलेक्शन डॅगमध्ये, म्हणजे ज्यातून इन्स्ट्रक्शन निवडल्या जातात त्या नोडांच्या आलेखात, टार्गेटचं इंट्रिन्सिक आलं की त्याचा नोड कुठला होणार हे मेमरी गुणधर्मावरून ठरतं. मेमरीला हात लावत नसेल तर साखळी नसलेला नोड, लावत असेल तर साखळीवाला, आणि काही परत देत नसेल तर तिसराच. ही साखळी म्हणजे क्रमाची दोरी, आधीचं आधी आणि नंतरचं नंतर ठेवणारी. फक्त वाचणाऱ्या इंट्रिन्सिकना ती जरा ढिली मिळते. ती आपापसात मागेपुढे होऊ शकतात.

टेबलजेनच्या पॅटर्नमधून लोअरिंग (नोडचं इन्स्ट्रक्शनमध्ये रूपांतर) होत असेल तर योग्य नोड आपोआप निवडला जातो. पण हाताने लिहिलेलं लोअरिंग असेल, साखळीवाल्या नोडच्या केसखाली, आणि सहा महिन्यांनी तुम्ही वर जाऊन 'नो-मेम' लावलंत, तर ती केस कधी लागतच नाही. अर्ग्युमेंटचे क्रमांकही एकाने सरकतात, कारण साखळी हा नोडचा पहिला ऑपरंड असतो. मग कंपायलरची 'कॅनॉट सिलेक्ट' एरर बघत बसायचं. म्हणजे 'सैल ते घट्ट' हा प्रवास बॅकएंडमधून दुसऱ्यांदा जाण्याइतका महाग आहे.

शेवटचा पास

हे मान्य, यातून मी गेलोय. तरीही 'कॅनॉट सिलेक्ट' मला चालेल. तो कंपायलर लिहिणाऱ्याच्या टेबलावर फुटतो. उडालेले स्टोअर वापरणाऱ्याच्या टेबलावर फुटतात, आणि त्या माणसाकडे शोधायची साधनंही नसतात. दोन चुकांमधली एक निवडायची तर मी नेहमी पहिली निवडेन.

पॉइंटरप्रिय

तुम्ही दोघं घट्ट-सैल करत बसलायत, पण मूळ चूक इंट्रिन्सिकच्या सिग्नेचरमध्ये (आत काय जातं, परत काय येतं) आहे. डीएमएच्या इंट्रिन्सिकला बफरचा पॉइंटर का दिला नाही? डिस्क्रिप्टर हे हार्डवेअरचं सोंग आहे. ऑप्टिमायझरला कळेल असं सांगायचं तर ज्या ज्या मेमरीला हात लागणार, तिचा पॉइंटर अर्ग्युमेंटमध्ये यायला हवा. इन्स्ट्रक्शनला तो लागत नसला तरी चालेल, सिलेक्शनच्या वेळी सोडून द्या.

'मेम-सीपीवाय' (मेमरी एका जागेहून दुसरीकडे कॉपी करणारं) बघा. ते 'आर्ग-मेम-ओन्ली' आहेच, वर पहिला पॉइंटर फक्त लिहिण्यासाठी, दुसरा फक्त वाचण्यासाठी, आणि दोन्ही कुठे साठवून ठेवले जात नाहीत. एवढं घट्ट लिहिता येतं कारण दोन्ही टोकं अर्ग्युमेंटमध्ये आहेत. कोणीतरी त्यात डिस्क्रिप्टर आणला असता तर यातलं एकही वाक्य खरं राहिलं नसतं.

आणि तुमचं थांबणारं इंट्रिन्सिक तर जास्तच चुकलेलं आहे, त्याकडे कोणी बघितलेलं दिसत नाही. समजा डीएमए बाहेरून बफरमध्ये डेटा आणतोय. थांबण्याच्या कॉलनंतर तुम्ही बफर वाचता. तो कॉल 'इनअ‍ॅक्सेसिबल-मेम-ओन्ली' असेल तर तुमचा लोड त्याच्या वर उचलायला पासला पूर्ण मुभा आहे. डेटा यायच्या आत वाचून मोकळा! काम उरकून लगेच परत येणाऱ्या इंट्रिन्सिकपेक्षा मागे काम चालू ठेवणाऱ्या जोडीत हा धोका मोठा. तिथे थांबणाऱ्या कॉललाही बफरचा पॉइंटर द्या आणि तो त्यात लिहितो असं सांगा. सुरू करणाऱ्या कॉलमध्ये मात्र त्या पॉइंटरवर 'नो-कॅप्चर' (पत्ता कुठे ठेवून घेत नाही) लावू नका, कारण कॉल संपल्यावरही हार्डवेअरने तो पत्ता धरून ठेवलेला असतो.

नवीन कोड

मग या सगळ्यापेक्षा इनलाइन असेंब्ली लिहून त्यात 'मेमरी' क्लॉबर (कुठलीही मेमरी बदलू शकते ही सूचना) दिलेला काय वाईट? लिनक्स कर्नलचा 'बॅरियर' मॅक्रो तसाच आहे ना?

नोड आणि साखळी

तसाच आहे, आणि त्याला कंपायलरची पूर्ण भिंतच हवी असते. गुणधर्म न लिहिलेलं इंट्रिन्सिक जवळजवळ तेच करतं. तुम्हाला फक्त एका बफरपुरता क्रम हवा असेल तर सगळ्या मेमरीला कुंपण घालण्यात अर्थ नाही. शिवाय इन्स्ट्रक्शन काय करते हे असेंब्लीच्या मजकुरातून कंपायलरला कळत नाही. शेड्युलिंग, कॉन्स्टंट फोल्डिंग, सगळ्यावर पाणी सोडावं लागतं.

लूपबाहेर

पॉइंटरप्रिय यांच्या सिग्नेचरच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. 'इनअ‍ॅक्सेसिबल'बद्दल मात्र तुमचा सूर असा लागतोय की ते वापरणंच चुकीचं. 'अस्यूम' (ही अट खरी धर, असं ऑप्टिमायझरला सांगणारं) इंट्रिन्सिक घ्या. ते कुठल्याही खऱ्या मेमरीत लिहीत नाही, तरी त्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल' मेमरीत लिहितं असं नोंदलेलं आहे, का तर ते जागेवरून हलू नये आणि निरुपयोगी म्हणून उडू नये. प्रोग्रामचे लोड-स्टोअर त्याच्या आजूबाजूने मोकळे फिरतात. क्रम राखायचा पण मेमरी अडवायची नाही, यासाठी हे उत्तम हत्यार आहे. डीएमएच्या वाट बघण्याला ते लागू नव्हतं, एवढंच.

शेवटचा पास

सिग्नेचरचा मुद्दा मला आधी सुचायला हवा होता. काल करून बघितलं. दोन्ही इंट्रिन्सिकना बफरचा पॉइंटर दिला आणि दोघांनाही 'इनअ‍ॅक्सेसिबल किंवा आर्ग-मेम' लावलं. डिस्क्रिप्टरचा पॉइंटर फक्त वाचण्यासाठी. बफरवर एकेरी गुणधर्म नाही, कारण दिशा डिस्क्रिप्टरमधला एक बिट ठरवतो. आता -ओ2 वर अ‍ॅरेचे स्टोअर जागेवर राहतात आणि शेजारच्या ग्लोबलचा लोड कॉल ओलांडून बाहेर जातो. दोन्ही गोष्टी टेस्टमध्ये नोंदल्या.

तरी माझं म्हणणं सोडलेलं नाही. डिस्क्रिप्टरांची साखळी असेल, एकातून दुसऱ्याचा पत्ता, किती ते चालतानाच ठरणार, तर कुठला पॉइंटर देणार? तिथे मी काहीच लिहिणार नाही.

टेस्ट लिहिताना लक्षात आलेली एक गोष्ट सांगतो. आयआरच्या (कंपायलरच्या आतल्या मधल्या भाषेच्या) फाइलमध्ये इंट्रिन्सिकच्या डिक्लरेशनवर हाताने गुणधर्म लिहून प्रयोग करू नका. फाइल वाचताना एलएलव्हीएम ते पुसून टेबलजेनमधले लावतं. घट्ट करून बघायचं असेल तर गुणधर्म कॉलवर लिहा. कॉलवरचा आणि डिक्लरेशनवरचा मिळून जो घट्ट तो लागू होतो.

लूपबाहेर

डिस्क्रिप्टरांच्या साखळीच्या बाबतीत काहीच न लिहिणं बरोबर आहे, तेवढं मान्य. पण ते 'काहीच नाही' रिकामं ठेवू नका. नोंदीच्या डोक्यावर दोन ओळींची कॉमेंट लिहा: कुठली मेमरी, कुठून पोचते, म्हणून गुणधर्म नाहीत. मी रिव्ह्यूला असलो तर त्या दोन ओळींशिवाय पॅच पुढे जाऊ देणार नाही, आणि कारण नसलेलं 'आर्ग-मेम-ओन्ली' आलं तर तेही नाही.