मिंथाराला पार्टीत घेणं पाप असेल, तर अ‍ॅस्टेरियनला कोणत्या तोंडानं घेता?

गोदाकाठचा (नांदेड) :
काल एका गड्यानं पोस्ट टाकली : "बाल्डर्स गेट 3 मध्ये जो मिंथाराला सोबत घेतो, त्याच्याकडं मी घराची किल्ली ठेवणार नाही." खाली नुसत्या टाळ्या आणि बदाम. सोडून द्यायचं ठरवलं होतं, पण दुपारच्या चहापर्यंत पचेना. म्हणून लांबण लावतोय. न खेळलेल्यांसाठी : पार्टी म्हणजे आपल्यासोबत फिरणारे लढवय्ये. मिंथारा ही गोब्लिनांची सरदारीण, आधी शत्रू, पण सोबत घेता येते. अ‍ॅस्टेरियन हा रक्त पिणारा व्हँपायर सोबती. गेम ऑगस्ट 2023 चा आहे, आता गोष्ट फोडली (स्पॉयलर) म्हणून कुणी गळा काढू नये.

मिंथारा पहिल्यांदा भेटते तेव्हा ती अ‍ॅब्सोल्यूटच्या ताब्यात असते. अ‍ॅब्सोल्यूट म्हणजे लोकांची डोकी काबूत घेणारा खोटा देव. हात तिचे, हुकूम दुसऱ्याचा. पुढं त्याच पंथाच्या मूनराईज टॉवर्स किल्ल्यात तिलाच सेनापती केथरिकपुढं उभी करतात, गोब्लिन कॅम्प हातचा घालवला म्हणून. तिथून खाली कोठडीत. तुम्ही खाली उतरता तर दोघं जण तिच्या डोक्यातल्या आठवणी खरवडून काढायलेत. आणि ती, बाएन्रे घराण्याची, जिनं जन्मात कुणापुढं मान तुकवली नसेल, ती तिथं ओरडत असते. तिला तशीच टाकून पायऱ्या चढणारा नीतिमान, आणि सोडवणारा नासका? हा कुठला न्याय लावलाय?

आता तुमच्या लाडक्याकडं येऊ. अ‍ॅस्टेरियन पहिल्याच भेटीत गळ्याला सुरी लावतो. रात्री कॅम्पात डोळा उघडावा तर हा मानेवर वाकलेला. दोनशे वर्षं मालकासाठी माणसं गोड बोलून नेत होता, त्यात गुर या भटक्या लोकांची लेकरंही आली. त्या मालकाच्या, कॅझाडोरच्या, वाड्याखाली 7000 जीव कोंडलेले निघतात, ते काय आपल्या पायानं चालत आले? "त्याच्यावर मालकाची सक्ती होती हो." बरं. मग मिंथारावर काय होतं, रोजगार हमी? खरं कारण बोला की, त्याचे केस कुरळे आहेत.

सोबत घेतलं म्हणजे माफ केलं असं होत नाही. समोर एल्डरब्रेन हा शेवटचा शत्रू आहे, तलवार चालवणारा हात लागतो, तिचा चालतो. संपलं.

बालाघाटी (बीड) :
एवढं लांब लिहून मुद्दा मात्र पदराआड. अ‍ॅस्टेरियनचं पाप आपण ऐकतो. मिंथारा ते आपल्याच हातानं आपल्यादेखत करायला लावत होती. हा फरक छोटा आहे का दादा?

मी एकदा मुद्दाम तो वाईट रस्ता खेळले, काय होतंय ते बघायला. ग्रोव्ह म्हणजे निर्वासितांचा आसरा, त्याचं दार मिंथाराच्या टोळीला आपणच उघडून द्यायचं. कड्यावर ती गाणारी अल्फिरा बसलेली असते, गाणं अडलंय म्हणून रडकुंडीला आलेली. आदल्या दिवशी मीच तिला ते पूर्ण करायला मदत केली होती. हार्पी राक्षसिणींच्या तोंडातून ज्या पोराला ओढून काढलं, तेही तिथंच. त्यानंतर रात्री कॅम्पात गोब्लिनांचा जल्लोष, आणि मिंथारा येऊन शाबासकी देते. मी लॅपटॉप मिटला. पुढं खेळलेच नाही.

आणि ताबा ताबा काय करताय? ताबा सुटल्यावर ती पश्चात्ताप करते का? आपल्याला वापरून घेतलं याचा राग येतो तिला. जे मेले त्यांचं काय, यावर एक अवाक्षर सापडलं तर मला दाखवा.

रात्रपाळी (वाळूज) :
ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी तत्त्वज्ञान नंतर करा, आधी नॉन-लीथल (जिवे न मारता बेशुद्ध करायचा पर्याय) चालू करा. शेवटचा घाव जवळच्या हत्यारानं नाहीतर बुक्कीनं पडायला पाहिजे. लांबून बाण किंवा मंत्र मारला की बाई खल्लास. ग्रोव्हही वाचतं, तीही वाचते.

बाकी 150 जीबीचा गेम उतरवताना गावाकडं लाईट किती वेळा गेली यावर वेगळा धागा काढणार आहे. मे महिन्यात लॅपटॉपवर पोळी भाजून निघंल.

बालाघाटी :
हीच तर माझी खरी चीड आहे. सुरुवातीला गेम सरळ होता. मिंथारा पाहिजे? मग ग्रोव्ह बुडवा. सोबत्यांपैकी विल निघून जाणार, कार्लाक तोंडावर थुंकून जाणार, हॅल्सिन मिळणारच नाही. किंमत होती. मग लोकांनी रडारड केली आणि कंपनीनं पॅच (गेममधली दुरुस्ती) काढून हा चोरदरवाजा रीतसर करून दिला : डोक्यात दांडका घाला, पुढच्या अंकात येऊन सोडवा, सगळे एकाच कॅम्पात सुखानं नांदताहेत. निवड कसली ती? सरकारी कर्जमाफी झाली ही, नियमित भरणारा वेडा.

गोदाकाठचा :
कर्जमाफीवर घसरू नका, नियमित भरणाऱ्यांत मीही आहे, तो विषय निघाला तर रात्र होईल.

चोरदरवाजा म्हणता, पण ज्याला मारता येतंय त्याला न मारणं ही निवड नाही? रामानं विभीषणाला घेतला तेव्हा सुग्रीवही कुरकुरलाच होता. शत्रूच्या गोटातला माणूस आहे, विश्वास कसा ठेवायचा म्हणून.

बालाघाटी :
विभीषण युद्धाच्या आधी, स्वतःहून, भावाला चार शब्द सुनावून आला. तुमची मिंथारा आसऱ्याला आलेल्यांवर चाल करून जाणारी. महाभारतात शोधा, अश्वत्थामा सापडंल. त्याला कुणी पार्टीत घेतला नाही. कपाळावरचा मणी काढून हाकलून दिला.

दौलताबादी (छत्रपती संभाजीनगर) :
तुमचं सगळं 2023 पासून सुरू होतं हीच अडचण आहे. 2009 च्या ड्रॅगन एज : ओरिजिन्समध्ये लोगेन नावाचा सेनापती होता. ऑस्टागरच्या लढाईत राजाला शत्रूच्या तोंडी देऊन फौज मागं घेणारा. शहरातल्या एल्फांना गुलाम म्हणून विकू देणारा. त्याला हरवल्यावर दोन वाटा : मान उडवा, नाहीतर आपल्या ग्रे वॉर्डन योद्ध्यांत सामील करून सोबत घ्या. घेतलात की अ‍ॅलिस्टर, जो पहिल्या दिवसापासून सोबत आहे, तोंड फिरवून चालू लागतो. एक घ्या, एक गमवा. याला म्हणतात लिहिणं.

आणि 2000 सालच्या बाल्डर्स गेट 2 मध्ये तर आपण फार सज्जनपणा करायला लागलो, रेप्युटेशन म्हणजे नावलौकिक वर गेला, की वाईट सोबती आपणहून वैतागून निघून जायचे. व्हिकोनिया नावाच्या सोबतिणीला जाळायला बांधलेली असायची. सोडवून सोबत घेतली की गावात आपलंच नाव खराब. आताच्या गेममध्ये सगळ्यांना सगळे हवेत. कॅम्प आहे का लग्नाची पंगत?

रात्रपाळी :
काका आले. आता सीडीवर ओरखडे कसे पडायचे तेही सांगा.

दौलताबादी :
चार सीडींचा गेम होता बाळा, आणि लोडशेडिंगच्या वेळा पाठ करून सेव्ह मारायचो. तुला ऑटोसेव्हवाल्याला काय कळणार किंमत.

कडबाकुट्टी (जालना) :
मी हा गेम खेळत नाही, पोरगं खेळतंय. त्याच्या शेजारी बसून वाचत होतो, राहवलं नाही म्हणून लिहायलो.

आमचा एक चुलता आहे. बांधाला बांध. दरसाल नांगरट करताना एक तास (नांगराची रेघ) आमच्याकडं सरकवून घ्यायचा. ज्या बांधावरून बैलगाडी जायची तिथून आता माणूस तिरका होऊन चालतोय. मधोमध बाभळ होती, ती सध्या त्याच्या कपाशीत उभी आहे. बाभळ काय चालत गेली नसंल. पण वडलांना पान लागलं, म्हणजे साप चावला, पावसाची रात्र, तेव्हा जीप काढून चिखलातून घाटी दवाखान्यात नेलं ते त्यानंच. डॉक्टर म्हणले, अजून उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. आता धाकटीचं लग्न आहे. त्याला पत्रिका द्यायची का नाही, यावर घरात दोन तट पडलेत. मला तुमच्या त्या बाईचं सगळं वाचून चुलताच दिसायला लागला.

गोदाकाठचा :
द्या पत्रिका. माझा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा बरा मांडला.

काळाकोट (लातूर) :
पत्रिकेचं नंतर. मोजणी केली का? भूमी अभिलेखला अर्ज टाका, खुणा करून घ्या, हद्दीचे दगड रोवताना पंच ठेवा. लोक बांध कोरला की तहसीलदाराकडं पळतात. रस्ता अडवला असंल तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 आहे, बांधावरून नवा रस्ता पाहिजे तर महसूल अधिनियम 1966 चं कलम 143. पण हद्दीचा वाद असंल तर मोजणीशिवाय तोंड उघडू नका.

रात्रपाळी :
धागा मिंथाराचा, आणि वकीलसाहेब सातबारा काढायलेत.

कडबाकुट्टी :
मोजणी आणली तर तो लग्नाला कशाला येईल साहेब?

काळाकोट :
मग बाभळ विसरा.

बालाघाटी :
विसरा म्हणणं फार सोपं असतं. एक जीव वाचवला म्हणून जमीन खाल्लेली वजा होते का? दोन वेगळे हिशेब आहेत ते. जीप काढली त्याचे उपकार फेडा, पाया पडा, आहेर करा. बांध मात्र मागाच.

आणि मला हे इतकं का झोंबतंय ते सांगते. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क 1994 ला आला, देशभर 2005 ला. आमच्या घरी मला तहसीलला नेलं ते हक्कसोडपत्रावर सही करायला. रस्त्यात उसाचा रस पाजला. "भाऊबीजेला साडी घेतोच की" म्हणाले. त्याच भावानं माझ्या बाळंतपणात दवाखान्याचं बिल भरलं, हेही खरं. तेव्हापासून काही बोलायला गेलं की एकच ऐकायला मिळतं : जुनं उकरू नको, वेळेला तोच कामाला येतो. म्हणून कुणी "तिचा हात चालतो, संपलं" म्हणलं की माझं डोकं फिरतं. मग तो गेम असो नाहीतर काही असो.

सोयाबीन_एकर (परभणी) :
ताई, घरचं गाऱ्हाणं इथं कशाला? गेमवर बोला ना.

बालाघाटी :
वर चुलत्याची बाभळ कपाशीत शिरली तेव्हा तुम्ही गेमवर बोलत होतात का? बाप्याचा बांध म्हणजे मुद्दा, आणि बाईचा हिस्सा म्हणजे गाऱ्हाणं?

सोयाबीन_एकर :
मी तसं म्हणलो नाही. प्रत्येक गोष्टीत बाई-बाप्या काढलं की झालं. आम्हीपण बहिणीला दिलंय.

काळाकोट :
किती दिलंय? सातबाऱ्यावर नाव लागलंय का तोंडी दिलंय?

सोयाबीन_एकर :
वकीलसाहेब, तुमची फी देत नाही मी.

दौलताबादी :
शांत व्हा रे. ड्रॅगन एजवर एक अक्षर कुणी बोललं नाही याची मात्र नोंद घेतली आहे.

गोदाकाठचा :
बालाघाटीताई, सहीचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण तुमच्या भावाला आणि मिंथाराला एका दोरीत बांधू नका. भावानं स्वतःच्या डोक्यानं केलं. आणि "संपलं" म्हणलो ते लढाईपुरतं. मी तिला सोबत घेतो तेव्हा दर कॅम्पात तिच्याशी बोलतोही. मूनराईजमध्ये तिच्याशी जे झालं ते ती सांगते तेव्हा तिच्या आवाजात राग असतो, पण लाजही असते. ती ऐकायची तर आधी तिला जिवंत ठेवायला लागते. मारून टाकली तर कळणार कसं आत काय होतं?

बालाघाटी :
अल्फिराच्या आत काय होतं ते कळलं का कधी? तिचं गाणं वाईट रस्त्यावर तिच्यासोबतच संपतं, त्यावर कुणी पोस्ट लिहीत नाही. लिहितात ते त्या ड्रो जमातीच्या मिंथाराच्या सुंदर डोळ्यांवर.

रात्रपाळी :
पण बेशुद्धवाल्या रस्त्यावर अल्फिरा जिवंत असते की. ग्रोव्ह वाचलेलं असतं. मग हरकत नेमकी कशावर आहे? चोरदरवाजा आहे यावर, का मिंथारा आहे यावर? दोन्ही एकदम नाही चालणार. ग्रोव्हवर हल्ला झालाच नसंल तर तिनं ज्यांना मारलं म्हणता ते जिवंत फिरायलेत.

बालाघाटी :
झाला नाही, कारण आपण आधी पोचलो. तिच्या भरवशावर सोडलं असतं तर? बेत तिचाच होता.

रात्रपाळी :
बेतावर फाशी दिली तर निम्मी भावकी संपंल.

कडबाकुट्टी :
पोरगं म्हणतंय, "बाबा, पार्टीत एका वेळी चौघंच मावतात, बाकीचे कॅम्पात बसून राहतात." म्हणून मी चुलत्याला पत्रिका दिली. मांडवात बसंल. याद्यांच्या बैठकीला मात्र बोलवणार नाही. मोजणीचा अर्ज लग्नानंतर.

काळाकोट :
लग्नानंतर म्हणजे कधीच नाही. पेरणी झाली की मोजणीवाल्याला उभ्या पिकात शिरू देणार का चुलता?

बालाघाटी :
कडबाकुट्टीभाऊ, तुमचं एक वेळ पटलं. अर्धं. गोदाकाठवाल्यांचं अजूनही नाही. पण सक्तीचा नियम लावायचाच तर दोघांना सारखा लावा, एवढं त्यांचं बरोबर आहे, घ्या, पदक घ्या. पुढच्या खेळात दलदलीतला तो गुर शिकारी अ‍ॅस्टेरियनला शोधत येतो ना, त्याच्या हवाली करून टाकते. मिंथाराही नाही आणि तोही नाही. झालं समाधान?

गोदाकाठचा :
अहो थांबा, त्याला देऊन टाका असं मी कुठं म्हणलो? मग कुलपं कोण उघडणार?