शब्दचर्चा : ‘नेस्टेड लिस्ट’ला मराठीत काय म्हणावं?

टिपणवही :
अकरावी-बारावीच्या मुलांसाठी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या मराठी टिपा काढतेय. लिस्टला ‘यादी’ म्हटलं, तिथे काही अडलं नाही. पण यादीच्या आत यादी आली की तिला काय म्हणू? शब्दशः ‘घरटी यादी’ करावं, तर ‘घरटी शंभर रुपये वर्गणी’सारखं दर घरामागे एक यादी असं वाचलं जातं. ‘अंतर्गत यादी’ला परिपत्रकाचा वास येतो. सुचवा.

अर्धविराम :
नीड म्हणजे घरटं. ‘नीडित यादी’ करा. आटोपशीर आहे.

चौकटीकंस :
मुलं ‘पीडित यादी’ वाचतील! आम्ही कामावर सरळ ‘लिस्टमधली लिस्ट’ म्हणतो. मराठी शब्द हवाच असेल तर ‘एकात एक यादी’. शाळेत कंचेभागुबेव शिकताना एकात एक कंस सोडवलेले असतातच, तेव्हा कल्पना काही परकी नाही.

गटनंबर :
मला प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नाही. पण जमिनीच्या नोंदींत बराच काळ काढलाय. तिथे गटाच्या आतल्या तुकड्याला पोटहिस्सा म्हणतात आणि त्याच जमिनीत लागवडीला न येणारा भाग असला तर तो पोटखराबा. कायद्यात पोटकलम, भाड्याच्या घरात पोटभाडेकरू, जातीत पोटजात. मग यादीतल्या यादीला ‘पोटयादी’ म्हणायला काय हरकत आहे?

टिपणवही :
वा काका, हा शब्द डोक्यातच आला नव्हता. पण मग ‘उपयादी’ का नको? उपसंच, उपविभाग हे शब्द मुलांना माहीत असतात.

शून्यापासून :
ताई, ‘उपयादी’ इथे घात करेल. उपसंच म्हणजे मूळ संचातलेच काही घटक निवडून केलेला संच. पोटयादी तशी नसते, ती स्वतःच एक घटक असते. हे पाहा (कळावं म्हणून सगळं देवनागरीत लिहितोय) :

खरेदी = ["तेल", ["मीठ", "साखर"], "चहा"]

लेन(खरेदी), म्हणजे यादीत घटक किती, असं विचारलं तर उत्तर ३ येतं, ४ नाही. "साखर" इन खरेदी, म्हणजे साखर यादीत आहे का, असं विचारलं तर फॉल्स, म्हणजे नाही! साखर घरात आहे, पण बाहेरच्या यादीला ती दिसत नाही. तिला दिसतो तो मीठ-साखरेचा एक गठ्ठा. पायथॉन घटक शून्यापासून मोजतो, म्हणून खरेदी[१] म्हटलं की पोटयादी हाती येते आणि खरेदी[१][१] म्हटलं की साखर. उलट खरेदी[०:२] (० पासून २ च्या आधीपर्यंत) ही खरी उपयादी, म्हणजे मूळ यादीचा कापून घेतलेला भाग. तिच्यात तेल आलं आणि ती पोटयादीही अख्खी आली. एकाच उदाहरणात दोन्ही शब्द लागतात, म्हणून ते वेगळेच ठेवा.

यादीत भर घालायच्या अपेंड आणि एक्स्टेंड या दोन आज्ञांमधला फरकही याच शब्दाने सांगता येतो. ["गूळ", "पोहे"] अपेंड केलं तर पोटयादी म्हणून एकच घटक वाढतो. एक्स्टेंड केलं तर गूळ आणि पोहे सुटे होऊन दोन वाढतात.

एक मात्र आहे. ‘पोटयादी’ हे नाव आतलीचं झालं. ‘नेस्टेड लिस्ट’ म्हणताना बहुतेकदा सबंध रचना मनात असते. तिथे चौकटीकंस यांचं ‘एकात एक यादी’ घ्या, किंवा वाक्य फिरवून ‘पोटयाद्या असलेली यादी’. दोन्हींना एकच शब्द हवा हा हट्ट सोडला की भांडणच मिटतं.

अर्धविराम :
‘नीडित’ मागे घेतो. पण ‘पोट’ म्हटल्यावर वस्तू खरंच आत बसलीय असं वाटतं. पायथॉनची यादी वस्तू साठवत नाही, वस्तूकडे बोट दाखवते. तक्ता = [[०] * ३] * ३ करा (* ३ म्हणजे तेच तीनदा) आणि मग तक्ता[०][०] = ५ लिहा. छापून आलं काय, तर [[५, ०, ०], [५, ०, ०], [५, ०, ०]]. तीन ओळी दिसतात, पण पोटयादी एकच, तिन्ही जागांवरून तिच्याकडेच बोट. प्रत्येक शिकाऊ माणूस इथे एकदा तरी डोकं धरून बसतो. वेगवेगळ्या ओळी हव्या असतील तर [[०] * ३ फॉर _ इन रेंज(३)] लिहावं लागतं, म्हणजे दर फेरीला नवी पोटयादी तयार होते.

चौकटीकंस :
त्याहून गंमत : य = [] आणि मग य.अपेंड(य). यादी स्वतःच्याच पोटात! छापायला सांगितलं तर पायथॉन [[...]] एवढंच दाखवतो. काका, असला पोटहिस्सा कुठल्या गटात सापडला होता का?

गटनंबर :
नाही बुवा. असता तर दोन पिढ्या कोर्टात गेल्या असत्या.

शून्यापासून :
अर्धविराम यांची शंका रास्त आहे, पण ती शब्द बाद करण्याइतकी मोठी नाही. पोटभाडेकरू तरी कुठे कोणाच्या पोटात राहतो? ‘शॅलो कॉपी’ला मात्र मी ‘वरवरची प्रत’ म्हणेन : बाहेरची यादी नवी, पोटयाद्या जुन्याच. डीपकॉपी केली की पोटयाद्यांच्याही प्रती निघतात; ती ‘आतपर्यंतची प्रत’. ‘उथळ प्रत’ लिहू नका, मराठीत उथळ म्हटलं की टीका वाटते.

ही रचना पायथॉनने आणलेली नाही. १९५८ मध्ये जॉन मॅकार्थी यांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात लिस्प या प्रोग्रामिंग भाषेवर काम सुरू केलं. त्या भाषेचं नावच ‘लिस्ट प्रोसेसिंग’वरून आलेलं. तिथे (+ १ (* २ ३)) हा प्रोग्रामही पोटयादी असलेली यादीच आहे.

टिपणवही :
‘पोटयादी’ घेतेय. अनेकवचन पोटयाद्या, प्रत्यय लावून ‘पोटयादीत’, ‘पोटयाद्यांमध्ये’, बरोबर ना? आणि वरची उदाहरणं देवनागरीत तशीच चालतील का?

चौकटीकंस :
रूपं बरोबर. उदाहरणांपैकी फक्त ‘खरेदी’, ‘तक्ता’ ही नावं आणि अवतरणातले शब्द चालतील; पायथॉन ३ मध्ये नावं देवनागरीत देता येतात. लेन, अपेंड, फॉर, इन हे रोमनमध्येच टंकावं लागेल. आकडेही. कोडमध्ये नुसतं ३ लिहिलंत तर सिंटॅक्स एरर (लिहिण्याच्या नियमातली चूक) येईल, पण इंट("३"), म्हणजे अवतरणातल्या मजकुराची संख्या कर, असं सांगितलं तर तोच पायथॉन मुकाट्याने ते वाचतो.